घोड्याच्या तोंडात काय घालावं? स्वारीच्या लगामाची निवड

घोडा ओढतो, थांबत नाही, वळताना मान ताठ करतो अशी तक्रार घेऊन माणूस साजाच्या दुकानात गेला, की दुकानदार आधीच्यापेक्षा कडक लगाम पुढे करतो. "भाऊ, हा लावा, एका बोटावर उभा राहील." दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा असे व्यवहार हमखास कानावर पडतात. नवा लगाम लावल्यावर चार दिवस घोडा थांबतोही. मग पुन्हा ओढू लागतो, या वेळी तोंड वासून, आणि मालक त्याहून कडक काही शोधायला निघतो. हा फेरा मोडायचा तर निवडीचा क्रम बदलावा लागतो. आधी तोंड तपासायचं, मग मोजायचं, आणि शेवटी त्या तोंडाला व आपल्या हाताला जमेल असा सगळ्यात साधा लगाम घ्यायचा.

लगाम म्हटलं की डोक्यावरच्या पट्ट्या, हातातल्या वाद्या आणि तोंडातला धातू हे सगळं एकत्रच आलं. या लेखात चर्चा मुख्यतः तोंडातल्या धातूची आहे. घोडेवाले त्याला आता सर्रास बिट म्हणतात, आपणही तेच म्हणू.

बिट बसतं कुठे

घोड्याच्या पुढच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या पुढे एक मोकळी जागा असते. तिथे दात नसतात, नुसती हिरडी असते. नर घोड्याला साधारण चार-पाच वर्षांचा होताना याच जागेत सुळे येतात, घोडीला बहुधा येत नाहीत किंवा अगदी बारीक असतात. बिट बसतं ते सुळ्यांच्या मागे आणि पहिल्या दाढेच्या पुढे. म्हणजे बसायला जागा बेताचीच.

या मोकळ्या हिरडीवरून अंगठा फिरवून बघा. वर पातळ कातडी आणि लगेच खाली जबड्याच्या हाडाची धार लागते, मध्ये मांसाची गादी नाहीच. जवळूनच जबड्याची मोठी नसही जाते. जोरात ओढलेल्या बिटाने इथे कातडी फाटते, हाडाला मार बसतो, आणि वारंवार तसं झालं तर हाडावर गाठ धरते. ती गाठ आयुष्यभर राहते. गाठ धरलेल्या जागी पुढे कितीही मऊ बिट घाला, घोडा तिथे दाब नीट सोसत नाही. "याचं तोंड मेलं आहे" असं ज्या घोड्याबद्दल म्हणतात, त्याच्या तोंडात बऱ्याचदा असंच काहीतरी सापडतं.

जिभेचंही लक्षात घ्यायला हवं. तोंड मिटलं की घोड्याची जीभ तोंड जवळजवळ भरून टाकते, बिटासाठी वेगळी पोकळी उरत नाही. त्यामुळे बिट आधी जिभेवरच टेकतं आणि जीभ दाबल्यावर हिरडीवर. "जाड बिट मऊ आणि बारीक बिट कडक" हा नियम म्हणूनच अर्धाच खरा आहे. 10 मिलिमीटरपेक्षा बारीक किंवा पिळाच्या तारेचं बिट रुततं हे बरोबर, कारण तेवढाच जोर कमी जागेवर पडतो. पण 20-22 मिलिमीटरचं जाडजूड बिट मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याच्या अरुंद तोंडात घातलं तर त्याला तोंड मिटताच येत नाही, जीभ दिवसभर दाबलेली राहते. बहुतेक स्वारीच्या घोड्यांना 14 ते 16 मिलिमीटर चालतं. जाडी बिटाच्या मध्यावर न मोजता कड्यांजवळ मोजायची.

आधी दात

तोंड न तपासता बिट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात आणि चघळताना झिजतात. ही झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धारदार कंगोरे येतात. बिट किंवा नाकपट्टी गाल दाबते, गाल त्या कंगोऱ्यांवर घासतो आणि आतून कापला जातो. बाहेरून काही दिसत नाही. मालक म्हणतो घोडा हट्टी झाला.

दुसरा त्रास छोट्या दाताचा. बऱ्याच घोड्यांना पहिल्या दाढेच्या अगदी पुढे, बहुधा वरच्या जबड्यात, एक बारीक दात येतो. इंग्रजी नाव वुल्फ टूथ. बिट मागे ओढलं की ओठाची कड या दातावर दाबली जाते. घोडा एकाच बाजूला मान झटकत असेल तर आधी त्या बाजूचा हा दात बघावा. तो काढायचा की नाही हे पशुवैद्यकांनी ठरवावं. पक्कड किंवा छिन्नीने दात तोडून देणारे लोक यात्रांतून भेटतात. त्यांच्या हातून मूळ आत राहतं, जखम चिघळते, आणि मग घोडा तोंडाला हातच लावू देत नाही.

अडीच ते साडेचार-पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात आणि दाढा पडून पक्के येत असतात. या काळात शिंगरू अचानक बिट नाकारू लागलं तर ते बिघडलं असं समजू नका. हिरड्या सुजलेल्या असतात. थोडे दिवस बिट काढून म्होरकीवर, म्हणजे तोंडात काही न घालता डोक्याला बांधायच्या दोरीवर, काम केलं तर नुकसान काहीच नाही. या वयात सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा दात तपासून घ्यावेत. मात्र खरी तपासणी तोंड उघडं ठेवणारं साधन लावून, बऱ्याचदा भूल देऊन होते. ओठ वर करून पुढचे दात बघितले म्हणजे दाढा बघितल्या असं होत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात हे साधन आहे का, ते जायच्या आधी विचारून घ्यावं.

आणि आपल्याकडचं एक खास कारण, कुसळ. पावसाळा संपला की सातपुड्याच्या उतारांवरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं चाऱ्यातून तोंडात जातात. ओठाच्या आत, जिभेखाली, हिरडी आणि गालाच्या खाचेत रुतून बसतात, भोवती फोड येतो, लाळ गळते. या फोडावर बिट टेकलं की घोडा डोकं आभाळाकडे नेणारच. दिवाळीनंतर घोडा एकाएकी लगामाला नाही म्हणू लागला, तर बॅटरीच्या उजेडात ओठ उलटवून बघा. कुसळ काढली, मिठाच्या कोमट पाण्याने तोंड धुतलं आणि आठवडाभर बिट बंद ठेवलं तर बहुतेक वेळा काम भागतं. नाही भागलं तर डॉक्टर.

माप कसं घ्यायचं

खान्देशात याचं साधन शेतातच मिळतं. ठिबकची 16 मिलिमीटरची साधी नळी, ड्रीपर नसलेली, कोरी. वापरलेली नको, तिच्यातून खतं गेलेली असतात. 30 सेंटिमीटरचा तुकडा कापून कडा घासून घ्या, जरा गरम करून सरळ करा. घोड्याला म्होरकीवर धरून, बिट जिथे बसतं तिथे नळी आडवी तोंडात द्या. ओठांच्या कडा सैल असाव्यात, ताणलेल्या नकोत. दोन्ही बाजूंना ओठ जिथे संपतो तिथे पेनने खूण करा. बाहेर काढून दोन खुणांतलं अंतर मोजा. नळी तोंडात असतानाच घोडा ओठ आणि दात सहज मिटतो का तेही बघा. 16 मिलिमीटरला तोंड उघडं राहत असेल तर 14 मिलिमीटरचं बिट घ्यायचं, हा निकाल जागेवरच लागतो. नळी चावू देत बसू नका.

समजा माप 11.6 सेंटिमीटर आलं. बिट सुट्या, फिरत्या कड्यांचं असेल तर प्रत्येक बाजूला 5-6 मिलिमीटर जास्त हवं, नाहीतर कडं फिरताना ओठाची कातडी भोकात चिमटली जाते. म्हणजे 12.7 सेंटिमीटर, बाजाराच्या भाषेत 5 इंची. त्याच घोड्याला न फिरणाऱ्या, अंडाकृती जोडाच्या किंवा डी आकाराच्या कड्यांचं बिट घ्यायचं असेल तर बाजूला 2-3 मिलिमीटर पुरे, म्हणजे 12.1 सेंटिमीटर, पावणेपाच इंची. घोडा तोच, मापं दोन. "घोड्याला पाच इंचीच लागतं" असं पाठ करून ठेवणारे इथे चुकतात. सांध्याचं बिट मोजताना ते सपाट ठेवून, ताणून, दोन कड्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजायचं.

मोठं बिट घातलं की ते तोंडात इकडून तिकडे सरकतं आणि मधला सांधा खाली लोंबतो. घोडा त्याच्यावरून जीभ काढायला शिकतो, आणि ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. लहान बिटाने ओठांच्या कडा सोलवटतात.

साधं बिट, म्हणजे स्नॅफल

स्नॅफलमध्ये वादी थेट तोंडातल्या पट्टीच्या टोकाच्या कड्याला असते. हातात एक किलोचा ताण असेल तर तोंडात साधारण एक किलोच पोचतो. दांडी नाही, साखळी नाही. शिकाऊ घोडा, शिकाऊ स्वार, रोजची रपेट, या सगळ्यांना हेच पुरतं. यातले फरक मधल्या पट्टीत आणि कड्यांत आहेत.

एकाच सांध्याचं बिट सगळीकडे मिळतं आणि स्वस्त असतं. दोन्ही वाद्या एकदम ओढल्या की ते घडी होऊन जीभ आणि जबडा दोन्ही बाजूंनी आवळतं, आणि टाळू उथळ असेल तर सांधा वर लागू शकतो. एकेका वादीने हळू वळवणाऱ्या स्वाराच्या हाती याचा त्रास कमी, दोन्ही हातांनी लटकणाऱ्याच्या हाती जास्त. दोन सांध्यांचं, मध्ये गुळगुळीत गोलसर मणी असलेलं बिट जिभेवर जास्त सारखं बसतं. आमच्या मते अरुंद तोंडाच्या देशी घोड्यासाठी सुरुवात इथूनच करावी. घेताना मधला तुकडा नीट बघा. काही बिटांत मण्याऐवजी चपटी पट्टी तिरकी बसवलेली असते, ओढलं की तिची कड जिभेत रुतते. दिसायला दोन्ही सारखीच, काम वेगळं. अखंड, किंचित कमानदार पट्टीचं बिट तोंडात स्थिर राहतं आणि सांध्याला घाबरलेल्या घोड्याला आवडतं, पण त्यावर एकेका बाजूचा इशारा स्पष्ट पोचत नाही.

कड्यांचं थोडक्यात. फिरती कडी बिटाला हलतं ठेवतात, त्यामुळे घोडा त्यावर भार टाकून कमी रेलतो. न फिरणारी कडी शांत असतात आणि ओठ चिमटत नाहीत. कड्याला वर-खाली लांब दांड्या असलेलं बिट शिंगराला वळायला शिकवताना बरं, कारण दांडी गालावर टेकून दिशा दाखवते आणि बिट तोंडातून ओढलं जात नाही. दांडी जाळीत, फांदीत किंवा दुसऱ्या घोड्याच्या साजात अडकू शकते, एवढं ध्यानात ठेवा.

दांडीचं बिट आणि त्याचं गणित

दांडी आणि हनुवटीखाली साखळी असलेलं बिट तरफेवर चालतं. तोंडातल्या पट्टीपासून वर जिथे साखळी आणि गालपट्टी अडकते तो वरचा भाग, आणि खाली वादी जिथे अडकते तिथपर्यंतचा खालचा भाग. वरचा 5 सेंटिमीटर आणि खालचा 10 सेंटिमीटर धरा. वादीवर 1 किलो ताण दिला की साखळीवर 2 किलो येतो, आणि तोंडातल्या पट्टीवर दोन्हींची बेरीज, म्हणजे 3 किलो. खालची दांडी 15 सेंटिमीटर केली तर साखळीवर 3 आणि पट्टीवर 4. जीभ आणि हिरडी वरून पट्टीने व हनुवटी खालून साखळीने अशी कात्रीत सापडते. शिवाय गालपट्टीतून कानांमागे डोक्यावरही दाब येतो.

एक किलोचा ताण म्हणजे किती हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. हुकाचा छोटा वजनकाटा वादीच्या टोकाला लावा, दुसरं टोक दाराच्या कडीला बांधा आणि रोजच्यासारखं ओढा. थांबवतो तेवढा जोर लावला की काट्यावर काय येतं ते बघून भलेभले गप्प होतात. तोच आकडा तीनने गुणायचा.

म्हणजे दांडीचं बिट वाईटच असं नाही. साध्या बिटावर पूर्ण शिकलेला घोडा, मानेवर वादी टेकली की वळणारा, आणि दोन बोटांत वाद्या धरणारा स्वार, यांच्यासाठी ते बारीक इशाऱ्याचं साधन आहे. ते एका हाताच्या स्वारीसाठी आहे. दोन हातांत दोन वाद्या धरून घोड्याचं तोंड एका बाजूला खेचायला ते नाहीच. तसं केलं की दांडी वळते, दुसऱ्या बाजूची वर उचलली जाते आणि घोड्याला काय करायचं तेच कळत नाही. ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी पेलहॅम आहे. त्याला वरच्या कड्यात एक आणि दांडीच्या टोकाला एक अशा वाद्यांच्या दोन जोड्या असतात. रोजचं काम वरच्या जोडीवर करायचं आणि खालची राखून ठेवायची. दोन्ही कडी एका छोट्या चामड्याने जोडून एकच जोडी लावायची पद्धत सोयीची वाटते, पण मग वरच्या-खालच्यातला फरकच संपतो.

साखळी लावताना ती उजवीकडे पिळत सपाट करून घ्यायची, एकही कडी उलटी नको. साखळी आणि हनुवटीच्या खाचेत दोन बोटं सपाट जावीत. वादी ओढल्यावर दांडी साधारण 45 अंश मागे आली की साखळी लागली पाहिजे. घट्ट असेल तर हात हलण्याआधीच दाब बसतो. फार सैल असेल तर दांडी आडवी होते आणि पट्टी तोंडात उलटी फिरते.

काटेरी बिटाबद्दल दोन वाक्यं पुरेत. ज्याच्या पट्टीला किंवा चाकांना टोकं, गाठी, दाते आहेत असं बिट वापरायला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या 1965 च्या नियमांनी मनाई आहे, आणि ती मनाई गाडीच्या जनावराइतकीच स्वारीच्या घोड्यालाही लागू आहे. वरातीसाठी, नाचवण्यासाठी, यात्रेपुरतं असं म्हणून त्यातून सुटका नाही.

रेवाल आणि नाचाचे घोडे

आपल्या भागात घोडा मान उंच ठेवून चालावा अशी हौस आहे, रेवाल चालीच्या, म्हणजे स्वाराला हादरे न देता झपझप चालणाऱ्या, घोड्याकडून तर हमखास. मान उंच झाली की तोंडातलं बिट हिरडीवरून सरकून ओठांच्या कडांकडे येतं. तिथली कातडी सैल असते आणि सतत ताणाने ती आधी लाल, मग कडक, मग भेगाळलेली होते. अशा घोड्याला दांडीचं बिट देऊन वर सतत ताण ठेवणं ही सर्वांत वाईट जोडी आहे. दांडीचं बिट क्षणभर लागून लगेच सुटण्यासाठी केलेलं असतं, धरून ठेवण्यासाठी नाही. घोड्याला मान उंच धरायची सवय असेल तर दोन सांध्यांचं, न फिरणाऱ्या कड्यांचं स्नॅफल घ्या आणि वाद्या एक वीत लांब सोडून बघा. चांगली रेवाल घोडी वाद्या सैल सोडल्यावरही चाल मोडत नाही. मोडत असेल तर ती चाल ताणावर उभी होती.

लावताना

बिट हातात धरून ऊब द्या. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लोखंड बर्फासारखं गार असतं. उलट एप्रिल-मेमध्ये, पारा 44 च्या पुढे गेलेला असताना, उन्हात टांगलेलं बिट जीभ पोळवतं, तेव्हा पाण्यातून काढून घ्यायचं. घोड्याच्या डाव्या बाजूला उभं राहून अंगठा ओठाच्या कडेतून मोकळ्या हिरडीवर ठेवला की तोंड उघडतं. पुढच्या दातांवर धातू आपटू द्यायचा नाही. काढताना घाई करून ओढायचं नाही, घोड्याने स्वतः सोडेपर्यंत थांबायचं. ओढून काढलेलं बिट दातात अडकतं आणि दुसऱ्या दिवसापासून घोडा डोकं वर धरतो.

स्नॅफल ओठांच्या कडांना नीट टेकलेलं, कडेला एक बारीक सुरकुती, एवढं पुरे. घोडा हसतोय असं दिसत असेल तर बिट वर चढलं आहे. नर घोड्यात ते सुळ्यांवर आपटत नाही ना, हे ओठ उचलून बघायचं. मग समोर उभं राहून दोन्ही कडी एका पातळीत आहेत का बघा. जुन्या चामड्याच्या पट्ट्या दोन बाजूंना कमी-जास्त ताणतात, भोकं सारखी मोजून भागत नाही.

मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडणारी. कपाळपट्टी आखूड असेल तर ती डोक्यावरची पट्टी पुढे ओढून कानांच्या बुडावर आणते. घोडा डोकं झटकतो आणि दोष बिटाला लागतो. कपाळपट्टीखाली एक बोट सहज जायला हवं. नाकपट्टी आणि नाकाचं हाड यांत दोन बोटं सपाट. तोंड उघडतं म्हणून नाकपट्टी आवळणारे दुखणं तसंच ठेवतात, फक्त दिसेनासं करतात.

घोडा काय सांगतो

तोंड वासणं, जीभ बाजूला लोंबणं किंवा बिटावरून काढणं ही बहुधा जिभेवरच्या दाबाची, किंवा बिट फार खाली बसल्याची वा मोठं असल्याची खूण. ओढताच डोकं वर फेकणं म्हणजे टाळू, हिरडी किंवा दाढेचा कंगोरा. एकाच बाजूला मान वाकडी होणं म्हणजे त्या बाजूचा दात, नाहीतर स्वाराचा एक हात जड. हनुवटी छातीला लावून पळणारा घोडा दिसायला डौलदार, पण तो बिटापासून लपतोय, आणि त्या स्थितीत त्याला थांबवणं सर्वांत कठीण. जीभ निळसर पडली तर तिथल्या तिथे उतरून बिट काढायचं.

घोडा घरच्या रिंगणात थांबतो आणि बाहेर गेला की उधळतो, तर त्याचं उत्तर तोंडात नाही. दिवसभर दाव्याला बांधलेला, वर रोज दोन-तीन किलो हरभरा खाणारा जवान घोडा संध्याकाळी तासभर मोकळा मिळाला की पळणारच. खुराक कामाच्या मानाने कमी करा, रोज मोकळं फिरवा आणि मग बघा.

नवं बिट आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते वाद्यांशिवाय, आपण समोर असताना, पंधरा-वीस मिनिटं तोंडात राहू द्या. मग खाली उभं राहून एका वादीवर हलका ताण द्या, वाढवू नका, धरून ठेवा. घोड्याने नाक इंचभर जरी आपल्याकडे वळवलं की त्याच क्षणी सोडा. हे सोडणंच त्याला शिकवतं, ओढणं नाही. दोन्ही बाजू मऊ झाल्या की खोगिरावरून साध्या चालीत थांबवा. आधी श्वास सोडून बूड जड करायचं, मग नेहमीचा एकच शब्द, मग बोटं मिटायची, आणि थांबताच हात सैल. दहा-बारा पावलांनी पुन्हा. साध्या चालीत पक्कं झाल्याशिवाय दुडकीवर जाऊ नका. यावर महिनाभर नियमित काम करूनही घोडा ओढत असेल आणि दात-तोंड स्वच्छ असेल, तर बिटाचा प्रकार बदलण्याचा विचार करावा. तेव्हाही एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एकतर जाडी, नाहीतर सांधा, नाहीतर कडी. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

तोंडाला जखम असेल तर बिनबिटाचा, नाकावरच्या पट्टीचा लगाम हा चांगला मधला मार्ग. पट्टी नाकाच्या पक्क्या हाडावर हवी, नाकपुडीच्या वरच्या मऊ भागावर नको, घोड्याला श्वास नाकानेच घेता येतो. दांड्यांचा हॅकमोर बिनबिटाचा असला तरी तोही तरफच आहे, वरचं गणित त्यालाही लागू.

यात्रेत घेताना

मापाची नळी खिशात घेऊन जा. घोडा घेत असाल तर तो ज्या लगामावर दाखवतात तो आधी बघा, मग साध्या स्नॅफलवर चालवून मागा. नाही म्हणाले तर किंमत त्या हिशेबाने बोला. ओठांच्या कडांना पांढरे केस किंवा जाड वण, हनुवटीखाली साखळीचा पांढरा पट्टा, जिभेवर आडवी चीर, हिरडीवर गाठ, या चार जागा हाताने बघायच्या. दुसऱ्याच्या घोड्याच्या तोंडातलं बिट आपल्या घोड्याला लावायचं नाही, आणि आपलंही द्यायचं नाही. घोड्यांची सर्दी-गाठी आणि ग्लँडर्ससारखे रोग नाका-तोंडाच्या स्रावातून पसरतात, ग्लँडर्स तर माणसालाही होतो.

बिट घेताना कापसाचा बोळा लागतो, आणि तो काय खान्देशात मागायला नको. बिट सांध्यासकट बोळ्यात धरून सगळीकडून फिरवा. धागा जिथे अडकतो तिथे खरखर आहे आणि जीभही तिथेच कापली जाईल. सांधा, कड्याचं भोक आणि ओतकामाची शिवण या तीन जागी बहुधा अडकतो. चुंबक जोरात चिकटला तर वरून चकचकीत मुलामा आणि आत साधं लोखंड असण्याचा संभव आहे. मुलामा पापुद्र्यांनी सुटतो आणि त्याच्या कडा पात्यासारख्या असतात. चांगलं स्टेनलेस स्टील वर्षानुवर्षं टिकतं. तांब्याचे मणी असलेली बिटं काही घोडे आवडीने चघळतात, पण तांबं मऊ असल्याने लवकर झिजतं. रबराचं बिट चावलं गेलं की टवके निघतात, ते रोज तपासावं लागतं.

रोज काम झाल्यावर साध्या पाण्याने बिट धुवा, वाळलेली लाळ आणि भुसा त्यावर खडबडीत थर धरतात. फिनेलात बुडवू नका. महिन्यातून एकदा तोच कापसाचा बोळा सांध्यात फिरवा. सांधा झिजून हलू लागला, भोक लांबट झालं किंवा धागा अडकू लागला की ते बिट घासून वापरात ठेवायचं नाही, भंगारात घालायचं.